चौघी मैत्रिणी, दोन परकी घरं आणि एक मांजर: हारलेम-गेंटची होम एक्स्चेंज ट्रिप

एप्रिल-मे २०२४ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी पंधरा रात्री नेदरलँड्स आणि बेल्जियमला जाऊन आलो, त्यातली एकही रात्र हॉटेलात काढली नाही आणि राहण्याचं भाडंही कुणाला दिलं नाही. तेव्हापासून भिशीत, लग्नात, अगदी डेंटिस्टकडे बसल्यावरसुद्धा लोक विचारतात की हे जमवलं कसं, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

होम एक्स्चेंज म्हणजे तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या घरी राहतो. कल्पना नवी नाही, इंटरव्हॅक आणि होमलिंक या संस्था १९५३ पासून हेच करतायत, शिक्षक मंडळींनी लांब सुट्ट्यांसाठी सुरू केलेला प्रकार आहे तो. आता वेबसाइटी आहेत, वर्षाची फी भरायची, घराचे फोटो टाकायचे. एकाच वेळी अदलाबदल करायची सक्तीही नसते, पाहुणे तुमच्याकडे राहून गेले की तुमच्या खात्यात पॉइंट जमा होतात आणि ते तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या घरासाठी वापरू शकता. आमचं नेदरलँड्समधल्या हारलेमचं घर थेट अदलाबदलीत मिळालं आणि बेल्जियममधल्या गेंटचं पॉइंटांवर.

खरी गोची वेगळीच होती. चौघींपैकी घर द्यायला मोकळी फक्त मीच! डोंबिवलीकरणीकडे सासू-सासरे, नाशिककरणीकडे रंगकाम निघालेलं आणि चौथी, माझी कॉलेजची मैत्रीण, स्वतःच भाड्याच्या फ्लॅटमध्ये. म्हणजे कोथरूडचा माझा टू बीएचके अनोळखी माणसांच्या ताब्यात जाणार, मी तीन आठवडे बहिणीकडे बॅगेतून जगणार आणि मजा मात्र चौघी करणार. मी आधी काही बोलले नाही, मग एक दिवस कर्वे रोडवर डोसा खाताना फाडकन बोलून टाकलं आणि बरं झालं बोलले. तिथेच ठरवलं, की फी बाकीच्या तिघी भरतील, पाहुण्यांना एअरपोर्टवरून आणणं आणि ते गेल्यावरची साफसफाई त्या करतील, आणि परदेशात आमच्या हातून काही फुटलं-मोडलं तर खर्च चौघींत. व्हॉट्सॲपवर लिहूनच ठेवलं. मैत्रीत कसलं आलंय लिहून ठेवणं असं नाशिककरीण म्हणाली खरी, पण पुढे ते सगळ्यात आधी वाचून दाखवणारीही तीच.

हारलेमचं डच जोडपं जानेवारीत आलं. त्याआधीचं काम कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सोसायटीला लेखी कळवा, नाहीतर वॉचमन गेटवरच अडवतो. परदेशी माणूस आपल्या घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म (आमच्या वेळी त्याला सी फॉर्म म्हणत) भरावा लागतो, हॉटेलवाल्यांसारखाच, पैसे घेत असा वा नसा. त्यासाठी घरमालक म्हणून आधी नोंदणी करावी लागते आणि तिला दिवस लागतात, पाहुणे दारात आल्यावर ते करत बसू नका. दागिने, घराची कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये, बाकी एक कपाट कुलूपबंद.

मग घराचं मॅन्युअल. मला वाटलं दोन पानांत होईल. लिहायला बसले तर कळलं की आपलं घर म्हणजे केवढी गुंतागुंत आहे! गिझर अर्धा तास आधी लावायचा पण मायक्रोवेव्ह चालू असताना नाही, पाणी सकाळीच येतं, रेग्युलेटर कसा फिरवायचा, सिलेंडर संपला तर दुसरा कुठे, ओला कचरा-सुका कचरा, दूध पिशवीत येतं आणि तापवायचं असतं, इस्त्रीवाला बेल वाजवेल तर घाबरू नका. आणि मावशी! नऊ वाजता मावशी येणार हे त्या जोडप्याला पटेना, आपली भांडी दुसऱ्याने घासायची म्हणजे त्यांना संकोच. शेवटी तोडगा निघाला की मावशी फक्त केर-फरशी करतील. पण चौथ्या दिवसापासून त्या त्यांना पोळ्या लाटायला शिकवत होत्या. फोटो आहेत. भाषा कुठली वापरली ते दोघांनाही सांगता येत नाही.

जाताना त्यांनी घर लख्ख ठेवलं, तुळशीला पाणी घातलेलं, टेबलावर स्ट्रूपवाफेल या डच बिस्किटांचा डबा. मला एकदम टेन्शन आलं, आता आपल्यालाही असंच वागावं लागणार.

व्हिसाबद्दल. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, राहण्याचा पुरावा लागतो आणि हॉटेल बुकिंग नसेल तर तिथेच लोक अडकतात. जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा, आमचा म्हणून नेदरलँड्सकडे. खाजगी घरात राहणार असाल तर त्यांचा एक ठराविक फॉर्म असतो, तो यजमानाने भरून नगरपालिकेत जाऊन सही साक्षांकित करून पाठवायचा. आमच्या यजमानीणबाई चौघींचे कागद घेऊन गेल्या म्हणून काम झालं. घर ठरवतानाच हे विचारून घ्या, प्रत्येक देशाची पद्धत वेगळी, फ्रान्समध्ये यजमानाला तिथल्या नगरपालिकेतून वेगळा दाखला काढावा लागतो आणि सगळे यजमान एवढी धावपळ करायला तयार नसतात. इन्शुरन्स किमान ३०,००० यूरोचा. आमच्या वेळी व्हिसा फी ८० यूरो होती, ११ जून २०२४ पासून ९० झाली. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, करा.

हारलेमच का? कारण ॲमस्टरडॅम ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर, समुद्र दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांवर आणि गावात गर्दी त्यामानाने कमी. आम्ही १८ एप्रिलला संध्याकाळी पोचलो. किल्ली दाराजवळच्या कोड लावलेल्या छोट्या पेटीत. कोड उलटा वाचला मी, पाऊस सुरू, चार बॅगा फुटपाथवर, शेवटी शेजारच्या आजोबांनी येऊन पेटी उघडून दिली आणि वर बॅगाही चढवल्या. म्हणून सांगते, शेजाऱ्याचा नंबर आधीच मागून घ्या. आणि बॅग लहान घ्या हो. डच घरांचे जिने म्हणजे जिने नाहीत, शिड्या आहेत, उतरताना आम्ही चौघी पाठमोऱ्या उतरायचो. जुन्या घरांच्या माथ्यावर आकडा लावलेला दांडा असतो, सामान दोरीने वर ओढायला, तो का असतो हे पहिल्याच रात्री समजलं. गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावर झोपायची सोय आहे का ते फोटोत बघू नका, थेट विचारा.

फ्रिजमध्ये दूध, चीज, ब्रेड, अंडी ठेवलेली. शिवाय चौदा पानी मॅन्युअल, त्यातली तीन पानं मांजराची. मांजर सांभाळायची अट आधीच मान्य केलेली, फक्त ती मी नाशिककरणीला सांगायला विसरले होते. ती मांजराला घाबरते. पहिले दोन दिवस ती खुर्चीवर पाय घेऊन चहा प्यायची, आठव्या दिवशी मांजर तिच्या पांघरुणात.

स्वयंपाकाचं नीट लक्षात घ्या. तिथे इंडक्शन शेगडी. आम्ही हौसेने नेलेला तीन लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही, तो पंधरा दिवस नुसता फिरून आला, स्टीलचा न्या. फोडणी घातली की स्मोक अलार्म बोंबलतो, तेव्हा आधी खिडकी उघडा, मग मोहरी. रोज एक वेळ घरी जेवायचो, मुगाची खिचडी, मेतकूट-भात, उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात. यात पैसे वाचतातच, ट्यूलिपच्या मोसमात दोन खोल्यांचे रोजचे किती होतात ते कुठल्याही साइटवर बघून या, मग आमची खिचडी गोड लागेल. कधी घरच्यासारखं झणझणीत हवं असेल तर हेगला जाऊन सुरीनामी हिंदुस्तानी लोकांची रोटी खा. १८७३ पासून आपल्याकडचे मजूर जहाजाने सुरीनामला नेले गेले, त्यांची ही पुढची पिढी, मसाला ओळखीचा वाटतो आणि तरी वेगळाच.

आणि टॉयलेट. पाण्याचा मग घरून न्या, एवढंच सांगते. तिथल्या टॉयलेटमध्ये भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, नातेवाइकांचे, मित्रांचे वाढदिवस लिहिलेलं, साल नसलेलं, वर्षानुवर्षं तेच. रोज बसून बसून आम्हाला त्यांचा सगळा गोतावळा पाठ झाला.

फिरायचं पटकन सांगते. कार्ड टॅप करून ट्रेन-बसमध्ये चढता येतं, पण प्रत्येकीचं कार्ड वेगळं लागतं आणि उतरताना पुन्हा टॅप करायचंच, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि काँटॅक्टलेस दोन्ही चालू करा, डोंबिवलीकरणीचं बंद होतं आणि ती स्टेशनच्या गेटपाशी अडकलेली असताना आम्ही तिघी आत उभ्या राहून हसत होतो, जे तिने अजून माफ केलेलं नाही. क्यूकेनहॉफची बाग तेव्हा २१ मार्च ते १२ मे उघडी होती, वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, आठ वाजता उघडते तेव्हाच शिरा, साडेदहानंतर फुलांपेक्षा सेल्फी स्टिक जास्त. त्यापेक्षा आम्हाला मजा आली २० एप्रिलच्या फुलांच्या मिरवणुकीची. ती सकाळी नोर्डवाइकहून निघते आणि रात्री हारलेमला पोचते, रथ दुसऱ्या दिवशीही रस्त्यावर उभे असतात. आम्हाला चालत पाच मिनिटं! गणपतीच्या मिरवणुकीची सवय असल्याने आम्ही स्टूल घेऊन आधीच जागा धरून बसलो, लोक बघत होते.

गावात सेंट बाव्हो चर्चचा १७३८ सालचा ऑर्गन चुकवू नका, १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोझार्टने तो वाजवला होता. टेलर्स म्युझियम १७८४ पासून उघडं आहे, देशातलं सगळ्यात जुनं. पण माझं मन गेलं ते क्रुक्वियसच्या जुन्या पंपिंग स्टेशनवर, वाफेच्या इंजिनांनी १८४९ ते १८५२ मध्ये अख्खं तळं उपसलं त्यांनी, आणि ज्या स्किपोल विमानतळावर आपण उतरतो तो त्या तळ्याच्या तळाशी आहे. आयुष्यभर धरणाची पातळी पेपरात वाचलेल्या माणसाला हे पाणी नको म्हणून एवढा खटाटोप बघून कसंसंच होतं.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. सगळं गाव केशरी, आणि लोक घरातल्या जुन्या वस्तू रस्त्यावर सतरंजी टाकून विकतात. तिथेच दोन यूरोला एक निळी-पांढरी वाटी मिळाली आणि आमची लाज वाचली, कारण चौथ्या दिवशी माझ्या हातून घरातली तसलीच एक वाटी फुटली होती. फुटली तेव्हाच फोटो काढून यजमानांना कळवलं होतं, तुम्हीही लपवू नका, त्याच दिवशी सांगा. त्या म्हणाल्या अहो ती तर अशीच बाजारातली होती. तरी नवी ठेवून आलो, खर्च चार भागांत, पन्नास सेंट प्रत्येकी, नाशिककरणीने हिशोब लावला.

गेंटबद्दल थोडक्यात, कारण पाच रात्री आणि त्यातले दोन दिवस पाऊस. इथेही चर्च बाव्होचंच, आत १४३२ साली पूर्ण झालेलं व्हॅन आइक बंधूंचं वेदीचित्र, त्यातली एक फळी १९३४ मध्ये चोरीला गेली ती आजवर सापडली नाही. शाकाहारी लोकांसाठी हे शहर चांगलं, २००९ पासून गुरुवार शाकाहाराचा दिवस पाळतात. आपल्याकडच्या गुरुवारवाल्यांना सांगा, खूश होतील. घर मात्र पॉइंटांवरचं होतं आणि फरक जाणवला. यजमानांनी आमचं घर पाहिलेलं नाही, आम्ही त्यांना ओळखत नाही, वाय-फायचा पासवर्ड चुकीचा, गरम पाणी पहिल्या दिवशी नाही आणि मेसेजला उत्तर सहा तासांनी. वाईट माणसं नव्हती, पण तिथे मी शेजाऱ्यांचा नंबर मागितला नव्हता. शक्य असेल तर थेट अदलाबदलच करा आणि आधी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास गप्पा मारा.

निघायच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ सफाईसाठीच ठेवा. चादरी धुवून, कचरा ज्या-त्या डब्यात, फ्रिज पुसून. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावरून जात नाहीत, आम्ही पहिल्याच दिवशी खाली जुना टॉवेल अंथरला होता. मोहरी मात्र कुठेकुठे उडाली होती कुणास ठाऊक, जूनपर्यंत हारलेमहून मेसेज येत होते की आज अजून एक सापडली.

आता पुढच्या वर्षीसाठी डोंबिवलीकरणीचं घर. सासू-सासरे दोन महिने मुलीकडे जाणार आहेत, पोर्तुगालमधल्या एका बाईंनी विचारणाही केलीय. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं की अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो. तो मराठीत द्यायचा की इंग्रजीत यावर सध्या अडलंय.