‘तुमचं दुकान कुठलं?’ : युगांडातला मिशनचा महिना

भारतीय माणूस युगांडाच्या खेड्यात पायी फिरताना दिसला की लोक थबकून बघतात. कंपालाच्या पूर्वेला, मुकोनोच्या पुढे लाल मुरमाच्या रस्त्यांवरच्या वस्त्यांत आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आम्ही काही जण महिनाभर राहिलो. पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं ते हे, की तुमचं दुकान कुठलं, किंवा तुम्ही लुगाझीच्या साखर कारखान्यातल्या का?

प्रश्न साहजिक आहे. तो कारखाना भारतीय कुटुंबाचा, कंपालातली कितीतरी दुकानंही भारतीयांची. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं, १९८६ नंतर मुसेवेनींच्या राजवटीत त्यातले काही परतले. थोडक्यात, इथे भारतीय म्हणजे मालक, आणि मालक काही कोणाच्या अंगणात चटईवर बसून मटोके, म्हणजे शिजवलेली हिरवी केळी, खात नाही. गोरा मिशनरी त्यांच्या ओळखीचा आहे, भारतीय मिशनरी नाही. "तुमच्याकडे सगळे हिंदूच ना?" हे तर तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरीही विचारलं गेलं.

मग मी सांगायचे, की आमच्या मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे त्यांच्यासारख्यांमुळेच सुवार्ता आमच्या घरांपर्यंत आली. कंपालाभोवतीच्या बुगांडा राज्याच्या दरबारात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीची माणसं पोचली १८७७ मध्ये. एक जाजा, म्हणजे आजीबाई, हे ऐकून खो खो हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही आमच्या थोरल्या बहिणी! त्या घरी आमचं जाणंयेणं महिनाभर चालू राहिलं. भारतातून जाणाऱ्यांनी आपल्या मंडळीचा इतिहास दोन मिनिटांत सांगता येईल असा तयार ठेवावा. माझ्या अनुभवात उपदेशापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

कामाचं म्हणाल तर ते आम्ही ठरवलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. पाळकसाहेबांनी यादी दिली होती: आजारी माणसं, नुकतं कोणी गेलेली घरं, उपासनेला येणं सोडलेले लोक. स्थानिक सेवकाबरोबर रोज सकाळी घरोघर जायचं. घरातली एकुलती एक खुर्ची पाहुण्याला मिळते. आधी विचारपूस: रात्र कशी गेली, मुलं कशी आहेत, शेतात काय चाललंय. ती पुरती उरकल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून तिथल्या लुगांडा भाषेतलं सकाळचं आणि दुपारचं अभिवादन विमानात बसण्याआधीच पाठ करा. बायका गुडघे टेकून नमस्कार करतात. पहिल्यांदा अवघडायला होतं, पण त्यांना हाताला धरून उठवू नका, तो त्यांचा रिवाज आहे. मी सरळ खाली चटईवर बसायचे. पाहुण्यांची वही पुढे येते, तिच्यात नाव, गाव आणि बायबलमधलं एखादं वचन लिहायचं. जेवल्याशिवाय सुटका नाही, तेव्हा पहिल्या घरी थोडंच वाढून घ्या, पुढे आणखी घरं आहेत. आणि गावात कोणाचं दफन असेल तर ठरलेला कार्यक्रम सोडून तिकडे जा. तिथे परक्यांनी काही बोलायचं नसतं, नुसतं बसायचं. त्यानंतर रस्त्यातले लोक आपल्याला नावाने हाक मारू लागतात.

रविवारची उपासना तीन-तीन तास चालते. पाहुण्यांना उभं करून बोलायला लावतात, ते टळत नाही. दुभाष्या वाक्यावाक्याला थांबवतो, म्हणून वीस मिनिटं मिळाली तर दहा मिनिटांचंच बोलणं तयार करा, वाक्यं तोकडी ठेवा आणि विनोद गाळा. खरी मजा अर्पणानंतर. ज्यांच्याकडे रोख पैसे नाहीत ते अंडी, फणस, मटोक्याचा घड, जिवंत कोंबडी आणतात आणि चर्चबाहेर त्याचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांत चेष्टामस्करी, एकमेकांवर कुरघोडी, आणि अंडी घेणारा पुष्कळदा ती उचलून दुसऱ्याच कोणाला देऊन टाकतो. एकदा कोंबडी माझ्या हातात आली. ती रात्री पाळकीणबाईंच्या चुलीवर गेली. सुट्या शिलिंगांच्या नोटा जवळ ठेवा, पण बोलीत स्थानिकांना हरवू नका.

नामुगोंगोला एक दिवस काढाच. काबाका, म्हणजे बुगांडाचा राजा, म्वांगा याच्या हुकुमावरून ३ जून १८८६ रोजी तिथे तरुण ख्रिस्ती दरबारी जाळले गेले. कॅथलिक आणि अँग्लिकन हुतात्म्यांची तीर्थस्थळं वेगळी आहेत, दोन्ही बघा. ३ जूनच्या आसपास देशभरातून लोक पायी येतात, त्या दिवसांत कंपालाकडचा दुसरा कुठलाही प्रवास ठरवू नका.

आता कागदपत्रं. व्हिसा ऑनलाइन काढावा लागतो, टुरिस्ट व्हिसा ५० डॉलरला मिळतो, पण त्यावर काम करता येत नाही. सेवा करायची तर तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळीला तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे कमी मुदतीच्या पासबद्दल विचारायला सांगा आणि तिचं पत्र छापून जवळ ठेवा. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. त्याचं पिवळं कार्ड युगांडात शिरताना लागतं आणि भारतात परततानाही. ते नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या, जुन्या फाटक्या कोणी घेत नाही आणि शंभराच्या नोटेला भाव चांगला मिळतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा. बायकांनी खेड्यातल्या उपासनेला पँट घालू नये, लांब स्कर्ट बरा. बोडा-बोडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, बहुतेक बजाज बॉक्सर असतात आणि चालकाशी गप्पा सुरू करायला तेवढं पुरतं; मात्र हेल्मेट असेल तरच बसा आणि रात्री नकोच.

हिवताप तिथे गंभीर आहे. डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या, आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करा. घरी आल्यावर ताप आला तर पहिल्याच वाक्यात युगांडाहून आल्याचं सांगा.

शेवटचं, ज्याबद्दल निघण्याआधी कोणी बोलत नाही. परतल्यावर व्हॉट्सॲपवर मुलांच्या शाळेच्या फीसाठी निरोप येऊ लागतात. गरज खरी असते, वर्षात तीन सत्रं आणि प्रत्येक सत्राची फी वेगळी. तिथे असताना तोंडभरून आश्वासनं देऊ नका. मदत करायचीच असेल तर ती मंडळीच्या समितीमार्फत, थेट शाळेच्या खात्यात पाठवा. आम्ही आता असंच करतो, आणि ज्या घरी पाठवणं जमत नाही तिथे फोन करून तसं सांगतो. निरोप वाचून गप्प बसणं तिथे फार लागतं.