तारेच्या टोपल्यांपासून उंदरांच्या घरट्यांपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या गाळ्यावरची पाटी अजून ‘वायर प्रॉडक्ट्स’चीच आहे. बाबांनी ऐंशीच्या दशकात भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला हा गाळा घेतला. तेव्हा दुधाच्या पिशव्यांच्या टोपल्या आणि हॉस्पिटलात औजारं निर्जंतुक करायचे जाळीचे ट्रे एवढंच काम होतं. ट्रेंमुळे परळला जाणं-येणं सुरू झालं. हाफकिन, केईएम, पशुवैद्यकीय महाविद्यालय, सगळं तिथेच. त्या भागातल्या एका ॲनिमल हाऊसने, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात त्या जागेने, विचारलं, पिंजऱ्यांची झाकणं गंजलीत, नवी करून द्याल का? बाबांनी ३०४ ग्रेडच्या स्टीलची करून दिली. दाणा ठेवायला मधे खोलगट भाग, बाजूला पाण्याची बाटली तिरपी बसेल अशी खाच, आणि तारा इतक्या जवळ की माइसचं (प्रयोगातल्या लहान जातीच्या उंदराचं) पिल्लूही निसटू नये. उंदरांचा धंदा असा आमच्याकडे झाकणांवरून आला.

मी कामात आले तेव्हा लग्नासाठी बघायला येणारे विचारायचे, ‘फॅक्टरीत काय बनतं?’ उंदरांचे पिंजरे म्हटलं की समोरच्याला घरात लावायचा सापळाच दिसायचा. ज्या शहरात महापालिका रात्री उंदीर मारायला माणसं नेमते, तिथे आम्ही त्यांच्यासाठी गादी-बिछाना विकतो, हे समजावून सांगायचा नाद मी सोडला.

नियमांत जागेचा हिशोब पक्का आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती आहे, पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए. तिच्या मार्गदर्शक सूचनांत २५ ग्रॅमच्या वरच्या एका माइसला ९६.७ चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. (मुंबईत चौरस फुटावर जन्म गेला, धंदा मात्र चौरस सेंटिमीटरवर.) पण तेवढ्या जागेत तो प्राणी दिवसभर करणार काय, हा प्रश्न टेंडरमध्ये नसतो. ‘पिंजरा, पॉलिप्रॉपिलीन, झाकणासह, इतके नग’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि ज्याचा भाव सगळ्यांत कमी त्याला ऑर्डर.

घरट्याचं सामान आम्ही सुरू केलं ते थंडीमुळे. मुंबईत बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, पण ॲनिमल हाऊसमध्ये एसी २२ अंशांवर. आत गाऊन, मास्क, ग्लोव्हज चढवून काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. माइसला मात्र तीसच्या आसपासचं तापमान सोयीचं. त्याखाली अंग गरम ठेवण्यातच त्याचं बरंचसं खाणं खर्च होतं. सामान दिलं तर तो स्वतः घरटं बांधतो आणि आत हवा तसा उबारा करून घेतो. एका पिंजऱ्याला आठ-दहा ग्रॅम कागदाच्या लांब, चुरगळलेल्या पट्ट्या पुरतात. आखूड तुकडे दिले की ते नुसते पसरून राहतात, त्याचं छप्पर होत नाही. आधी आम्ही छापखान्यांची कात्रणं बघितली. स्वस्त होती, पण शाई आणि स्टेपलच्या पिना कोण वेचत बसणार? म्हणून कोरा क्राफ्ट (तपकिरी, पॅकिंगचा) कागद घेतो. टेंभीपाड्यातल्या बायका पट्ट्या वजन करून पाकिटात भरतात.

खाली अंथरायच्या बेडिंगबद्दल आमचा एक हट्ट आहे. फर्निचरवाल्यांचा भुसा आम्ही विकत नाही, कितीही मागणी आली तरी. त्यात प्लायचा गोंद, पॉलिश, काय काय येतं. शिवाय पाइन-देवदारासारख्या लाकडांच्या वासाने उंदराच्या यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढतात, हे साठच्या दशकापासून माहीत आहे. औषध किती वेळात शरीरातून जातं हे मोजणाऱ्या प्रयोगात बिछान्यानेच आकडा बदलला तर काय उपयोग? भाताचं तूस आपल्याकडे सगळ्यांत जास्त चालतं, मात्र चाळून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून). पावसाळ्यात गोणी उघडी राहिली की बुरशी ठरलेली. मक्याच्या कणसाचा चुरा ओल चांगली शोषतो, अमोनियाचा वास कमी येतो, पण उंदीर तो खातातही. हे सांगून मगच विकतो.

प्लास्टिकवर जास्त घासाघीस होते. ‘पॉलिसल्फोनचा (एक टिकाऊ प्लास्टिक) पिंजरा इतका महाग का?’ मग मी अमेरिकेतल्या पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबचा किस्सा सांगते. १९९८ मध्ये तिथे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून फरशीच्या कडक अल्कलीयुक्त साबणाने धुतले गेले. प्लास्टिक खराब झालं, त्यातून बिसफेनॉल-ए हे प्लास्टिकमधलं रसायन सुटलं आणि मादी माइसच्या अंडपेशींत गुणसूत्रांचे घोळ दिसू लागले. प्रयोग वेगळाच चालला होता, उत्तर पिंजऱ्याने दिलं. आमच्या पॉलिकार्बोनेटच्या प्रत्येक खोक्यात कोणता साबण वापरू नये याचा मराठी-हिंदी कागद असतो, कारण धुणारा माणूस इंग्रजी मॅन्युअल वाचत नाही.

या धुणाऱ्या माणसापाशीच माझं सगळं शिक्षण झालं. लाल बोगदे आणले तेव्हाची गोष्ट. उंदराला लाल प्रकाश फारसा दिसत नाही. त्यामुळे लाल पारदर्शक नळीत त्याला अंधार वाटतो आणि माणसाला तो दिसतो. शिवाय २०१० मध्ये हर्स्ट आणि वेस्ट या ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की माइसला शेपटीला धरून उचललं की तो घाबरा होतो, नळीतून उचललं की कमी. डॉक्टर मंडळींना हे लगेच पटलं. पण ज्यांच्या हातात पिंजरे, ते सिंधुदुर्गातले अटेंडंट काका म्हणाले, ‘ताई, ह्या नळकांड्यांत हात जात नाय. घासायची कोणी?’ खरंच होतं. नळ्या वॉशिंगच्या खोलीत एका कोपऱ्यात पडून राहिल्या. मग साचेवाल्याकडून आम्ही अर्धी नळी करून घेतली. खालून उघडी, एकात एक बसणारी, जाळीच्या टोपलीत घालून एकदम धुता येणारी. लपायला ही, उचलायला पूर्ण नळी, तीही खोलीत एखादीच. तेव्हापासून खप सुरू झाला.

तेच काका पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातली मूठभर पट्टी नव्यात टाकायचे. नर माइस मग कमी भांडतात, असं त्यांचं म्हणणं. शोधनिबंधांतही तसंच आहे: घरट्याचं सामान नेलं तर भांडणं कमी, मुताने भिजलेला भुसा नेला तर वाढतात. काकांनी निबंध वाचला नव्हता.

एक आक्षेप मात्र नेहमीचा, आणि तो मनाला लागतो, कारण तो शास्त्रज्ञांकडून येतो: ‘पिंजऱ्यात खेळणी घातली की प्राणी एकसारखे राहत नाहीत, डेटा विस्कटतो.’ २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन प्रयोगशाळांत माइसवर केलेलं काम आलं होतं. समृद्ध, म्हणजे घरटं-खेळणी घातलेल्या, पिंजऱ्यांमुळे निष्कर्षांतला फरक वाढला नाही. ते छापील पान मी पिशवीत ठेवते. निम्म्या वेळा उपयोग होतो. उरलेल्या वेळा बजेट संपलेलं असतं, आणि सरकारी बिलांबद्दल इथे न बोललेलं बरं.

‘शेवटी मरणारच ना ते, मग घरटं कशाला?’ असं नातेवाइकांत कुणीतरी दरवर्षी गणपतीत विचारतं. प्रयोग व्हावेत की नाहीत हे मी ठरवत नाही, त्यासाठी एथिक्स कमिटी आहे. जितके दिवस आहेत तितके दिवस नुसत्या जाळीवर बसून काढावेत असं मला वाटत नाही, इतकंच. जाळीच्या तळावर रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, पायांना जखमा होतात, तसा तळ आम्ही बनवणं बंद केलं.

सध्या अडलंय ते उंचीवर. विस्टार जातीचा मोठा नर रॅट मागच्या पायांवर ताठ उभा राहतो तेव्हा नेहमीच्या पिंजऱ्यात त्याचं डोकं झाकणाला लागतं. नवा उंच पिंजरा केला तर तो कोणाच्याही जुन्या रॅकमध्ये बसत नाही, आणि रॅक बदलायला कोणी तयार नाही. म्हणून जुन्याच तळावर बसेल असं घुमटाचं झाकण भाऊ वेल्ड करून बघतोय. वरच्या कप्प्याला ते टेकत नाही, पण पाण्याच्या बाटलीचा कोन अजून चुकतोय, नळी पिल्लांना पोचत नाही. दिवाळीनंतर दोन ठिकाणी नमुने देणार आहोत. दर अजून काढलेला नाही.