मिस्सा, झेंडा आणि वरच्या खोलीचं भाडं

आज 15 ऑगस्ट, आमच्याकडे वसईत दोन सण एकाच दिवशी, सकाळी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि लगेच चर्चच्या आवारात झेंडावंदन. राष्ट्रगीताला अंगावर काटा येतो माझ्या, दरवर्षी येतो.

पण आज फादरांनी प्रवचनात बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं पत्र घेतलं, 29 वा अध्याय, बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं. घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते लोक तर परक्या मुलखात होते हो, हा तर माझा स्वतःचा देश, आणि मी काय करतो? वरची खोली भाड्याने दिलीय, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर नाही, भाडं कॅशमध्ये घेतो आणि रिटर्नमध्ये दाखवत नाही. तीन वर्षं झाली. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, फसवून घेतलेलं चौपट परत करणारा, पण ती माझ्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाई आठवल्या. 1889 च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला त्या होत्या, पण 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, त्यांना केडगावला सांभाळलं, शिकवलं, त्यांची ती भक्ती आणि ते देशप्रेम वेगळं काढताच येत नाही.

दुपारी भाडेकरूला सांगितलं, या आठवड्यात अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करू, भाडं बँकेत टाका. सीएला पण मेसेज केलाय, मागचं सगळं भरायचंय.