उलटे आटे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मला गॅदरिंग आठवलं नाही की दहावीचा निकाल आठवला नाही, आठवलं ते वर्कशॉपमधलं सायकलचं डावं पायडल.

सर एक मोडकी सायकल आमच्यासमोर आडवी टाकायचे आणि म्हणायचे, खोला. बस, एवढंच. उजवं पायडल मित्राने दोन मिनिटांत काढलं. डावं माझ्या वाट्याला आलं, मी नेहमीसारखा पाना डावीकडे फिरवायला लागलो, निघेना, मग पान्यावर पाय देऊन उभा राहिलो तरी निघेना, शेवटी पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. सर लांबून बघत होते. म्हणाले, "अरे तू खोलत नाहीयेस, मघापासून आवळतोयस!"

डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे असं रक्त काढून कळलं. का असतात ते त्यांनी पेन्सिलीवर दाखवलं. पेन्सिल मुठीत सैल धरायची आणि तिचं वरचं टोक बोटाने गोल गोल फिरवायचं, पेन्सिल स्वतःभोवती बरोब्बर उलट्या दिशेने फिरते. करून बघा आत्ता. पायडल मारताना पायाचा दाब असाच फिरत राहतो आणि पायडलचा दांडा क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांडीला लावतात तिच्या, भोकात कणाकणाने घरंगळत जातो. उजव्या बाजूला त्याने सरळ आटे आवळत जातात, डाव्या बाजूला सरळ आटे असते तर सुटून आले असते. टेबल फॅनच्या पात्याची चाकी, म्हणजे नट, पण उलट्या आट्याची, पंखा चालू होताना पातं झटक्यात फिरतं, चाकी मागे राहते आणि त्यातच आवळली जाते.

नंतर एकदा चेन खोलायला दिली. चेनची पिन बाहेरच्या पट्ट्यांत ठोकून घट्ट बसवलेली असते आणि आतल्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, सैल, म्हणजे एकच पिन एकाला धरून ठेवते आणि दुसऱ्याला फिरू देते. असे 12.7 मिलिमीटरच्या अंतरावर शंभरएक सांधे. कात्रीच्या रिव्हेटचं पण तसंच, जास्त ठोकलं तर पाती हलत नाहीत, कमी ठोकलं तर कागद मधेच दुमडतो. मी तीन कात्र्या बिघडवल्या. सर प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचे, इथे काय हलायला पाहिजे आणि काय नको?

बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग असते हे पण तिथेच ऐकलं, आवळल्यावर तो केसभर लांबतो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीनेच दोन तुकडे दाबून धरले जातात. मला वाटायचं आटेच सगळं धरून ठेवतात. आम्हाला M6 चा, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचा, बोल्ट दिला होता, पूर्ण एक फेरा फिरवला की चाकी 1 मिलिमीटर पुढे, पट्टी लावून मोजलं, खरंच तेवढंच.

हल्ली मात्र अर्ध्या वस्तूंना स्क्रूच नसतो, नुसतं प्लॅस्टिकचं खटक्याचं कुलूप, उघडताना कुठलं तरी बारीक नाक तुटतंच आणि मग आयुष्यभर चिकटपट्टी. सरांना हे दिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

त्यांची एक सवय मात्र माझ्या हातात उतरली. स्क्रू बसवताना आधी हलकाच उलटा फिरवायचा, टक करून खाली पडला की आटा जुन्या खाचेत आला, मग सरळ. प्लॅस्टिकमध्ये तर हे केलंच पाहिजे, नाहीतर दरवेळी नवी खाच पडून दोन-चार वेळांत भोक खल्लास. परवा मुलीच्या खेळण्यात सेल घालत होतो, ती म्हणाली बाबा तुम्ही उलटं फिरवताय.

म्हटलं थांब, टक होऊ दे.