उचल

"ताई, कॅप्टन आलेत," असं आमच्या ऑफिसातल्या पोरानं आत डोकावून सांगितलं तेव्हा मी इन्कम टॅक्सच्या पोर्टलशी भांडत बसले होते. 15 सप्टेंबर 2025, सोमवार. रिटर्न भरायची शेवटची तारीख. एरवी ती 31 जुलै असते. यंदा दीड महिना वाढवून मिळाला होता आणि त्या दीड महिन्यात सोलापूरच्या नव्या पेठेतल्या आमच्या जिन्यावर चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. सगळे शेवटच्या तीन दिवसांत. पोर्टलवरचं चक्र सकाळपासून गोल गोल फिरत होतं, आणि बाहेरच्या बाकावर अकरा माणसं बसली होती.

कॅप्टन म्हणजे अण्णांचा धाकटा. अण्णांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. माझे वडील सीएची प्रॅक्टिस करत तेव्हापासूनचे ते अशील. मुलगा आदल्या रात्री वंदे भारतने आला होता. सोलापूरहून तेव्हा विमान जायचं ते फक्त गोव्याला, तेही जूनपासून. ज्या विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, तिथे आमचा पायलट अजून रेल्वेनेच उतरतो, हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. ते याही वेळी ऐकून झालं.

"कॅप्टन नाही हो अजून, को-पायलट," मुलगा बसता बसता म्हणाला. तेव्हा मी हसले. नंतर कळलं की सगळी भानगड त्या एका शब्दाचीच आहे.

त्यानं दोन फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचे कंपन्यांनी दिलेले दाखले, पुढे ठेवले. वर्षाच्या मध्ये त्यानं एक स्वस्त तिकिटांची विमान कंपनी सोडून दुसरी धरली होती. (आकडे गोल करून लिहिते, आणि थोडे हलवलेतही.) जुन्या कंपनीचे आठ महिने, वीस लाख. नव्या कंपनीचे चार महिने, सतरा लाख. नव्या ठिकाणी फॉर्म 12बी दिलेला नाही, म्हणजे आधीचा पगार कळवलेलाच नाही. त्यामुळे दोन्ही कंपन्यांनी त्याला 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन दिलं आणि दोघींनीही खालच्या टप्प्यांचे कमी दर लावले. एकाच माणसाला दोनदा सवलत. बेरीज केली तर साडेतीन लाखांच्या आसपास कर भरायचा निघत होता, वर व्याज वेगळं.

"एवढे पैसे मला मिळालेलेच नाहीत," तो म्हणाला.

हे वाक्य मी सीझनमध्ये रोज ऐकते. पण मी त्याचं बँक स्टेटमेंट उघडलं, आणि खरंच, मिळालेलेच नव्हते. कापलेला कर आणि पीएफ हिशेबात धरूनही जुन्या कंपनीकडून वीसऐवजी पंधराच आलेले. नव्या कंपनीकडून सतराऐवजी बारा. दहा लाख दोन कागदांवर होते, खात्यात कुठेच नव्हते.

मग त्यानं सांगितलं ते असं. विमान वाहतूक महासंचालनालयाचा 2017 चा नियम आहे: नोकरी सोडायची तर कॅप्टनने एक वर्षाची नोटीस द्यायची, को-पायलटने सहा महिन्यांची. यानं दोन महिने नोटीस भरली आणि निघाला. उरलेल्या चार महिन्यांचे दहा लाख त्याच्या अंगावर आले. जुन्या कंपनीनं शेवटचे दोन पगार अडवून पाच लाख वळते करून घेतले. उरलेले पाच लाख नव्या कंपनीनं परस्पर भरले. अट एकच, तीन वर्षांच्या आत इथून हललास तर ते पाच लाख परत.

अण्णा इतका वेळ चहाची बशी बोटानं फिरवत बसले होते. ते एकदम सरसावून बसले.

"म्हणजे नव्या मालकानं जुन्याची उचल फेडली म्हण की."

"उचल नाही ओ अण्णा, नोटीस पे."

"तेच ते. आता तू नव्याच्या उचलीत."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यंत्रमागावर हात बसलेला कामगार टिकवायचा तर मालक त्याला लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला म्हणून आगाऊ रक्कम देतो. ती फिटेपर्यंत कामगार तिथेच. शेजारच्या कारखान्याला तो हवा असेल तर त्यानं आधीची उचल फेडायची आणि तेवढीच आपल्या वहीत त्याच्या नावावर चढवायची. कामगाराच्या हाताला पैसा लागत नाही, फक्त वही बदलते. अण्णांच्या पुस्तकांत "कामगार उचल" हे खातं मी पंधरा वर्षं ऑडिट करते आहे. त्याच खात्याचा हा गणवेशातला भाऊ असेल हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

मला वाटलं अण्णा आता कंपनीवर चिडणार. ते चिडले मुलावर.

"कंपनीचं काय चुकलं सांग. मी पोराला माग शिकवतो, दोन वर्षं त्याचे डाग पडलेले टॉवेल सहन करतो. हात बसला की शेजारचा दोनशे रुपये जास्त देतो आणि हा चालला. मग माझा माग कोण चालवायचा? मी पण अडवलं असतं पगार."

"मला त्यांनी शिकवलेलं नाही अण्णा. टाइप रेटिंगचे पैसे तुम्ही भरलेत."

हे खरं होतं. व्यावसायिक परवान्याला किमान दोनशे तास उड्डाण लागतं, त्याचा खर्च बँकेच्या शैक्षणिक कर्जातून झाला. पण परवाना मिळाला म्हणून कोणी एअरबसमध्ये बसवत नाही. त्या ठरावीक विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि कित्येक ठिकाणी तो भार उमेदवारावरच असतो. ते बावीस लाख अण्णांनी कारखान्याच्या सीसीतून, म्हणजे मालाच्या तारणावरच्या बँक कर्जातून, काढले होते.

"मग सोडलंस कशाला?" मी विचारलं. मला खरं तर विचारायचं कारण नव्हतं, बाहेर अकरा जण होते.

तो शांतपणे बोलत होता, बहुधा घरी हे कोणी विचारलंच नव्हतं. पगाराचा मोठा हिस्सा तासांवर. विमान जागेवरून हललं की मीटर चालू, पुन्हा जागेवर उभं राहिलं की बंद. त्याआधी पहाटे तीनला उठून, तयार होऊन, हवामान वाचून झालेलं असतं, त्याचे तास धरत नाहीत. कंपनीची काही विमानं इंजिनांअभावी महिनोन्महिने उभी होती. विमानं उभी म्हणजे तास कमी, तास कमी म्हणजे पगार कमी. त्याहून वाईट म्हणजे कॅप्टन व्हायची रांग तिथेच थिजलेली, कारण नवी विमानं आली तर नवे कॅप्टन लागणार. "आणि पैसा तिकडे आहे ताई. कॅप्टनच्या चार पट्ट्या लागल्या की पगार दुपटीच्या वर जातो. मी नऊ महिन्यांत रांगेत एका नंबरनं पुढे सरकलो."

"अण्णा, लाईट गेली की आपले कामगार मागापाशी बसून असतात ना," तो वडिलांकडे न बघता म्हणाला. "त्या तासांची मजुरी देता का तुम्ही?"

"नगावर आहे मजुरी."

"माझी पण."

अण्णांनी बशी फिरवायची थांबवली. मी स्क्रीनकडे बघायला लागले, कारण अशा वेळी सनदी लेखापालानं स्क्रीनकडेच बघायचं असतं.

बोलणं मीच बदललं. नव्या कंपनीचा बाँड कोर्टात टिकतो का, असं त्यानं विचारलं होतं. मी सांगितलं की याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आहे, तेव्हा कागदावर सही केलीये तर हलक्यात घेऊ नकोस. त्याच्या ओळखीतले काही जण म्हणत होते की नोटीस न भरता सरळ निघून जायचं. 2023 मध्ये अकासा एअरचे 43 वैमानिक तसेच गेले, आणि कंपनीनं कोर्ट गाठलं. "मला कोर्टबिर्ट नको होतं," तो म्हणाला, "म्हणून तर पैसे देऊन निघालो."

आता कामाचं. नव्या कंपनीनं भरलेल्या पाच लाखांवर कर लागणारच. कर्मचाऱ्याचं देणं मालकानं फेडलं की तो कर्मचाऱ्याचाच लाभ धरतात, तिथे वाद नाही. पण जुन्या कंपनीनं पगारातून कापलेल्या पाच लाखांबाबत अहमदाबादच्या अपील न्यायाधिकरणाचा 2017 चा निकाल आहे: नोटीशीपोटी कापलेला आणि हाती न आलेला पगार करपात्र नाही. तो धरून पाच लाख वजा केले. फॉर्म सोळाशी आकडा जुळणार नाही, आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्राकडून विचारणा येईल, उत्तर द्यावं लागेल, हे दोघांना स्पष्ट सांगितलं. मग जुनी करप्रणाली लावून बघितली. तिथे शैक्षणिक कर्जाचं व्याज आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम 80ई खाली वजा व्हायचं, नव्या प्रणालीत व्हायचं नाही. त्यानं साडेचार लाख व्याज भरलं होतं आणि पीएफही होता, त्यामुळे पन्नास हजारांच्या वर आणखी वाचले. साडेतीन लाखांचं काम व्याज धरून दीड लाखावर आलं. खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढाच एक आनंद.

"आणि ते बावीस लाख?" अण्णांनी विचारलं. "त्याच्या व्याजाचं काय?"

त्यांना वाटत होतं तेही 80ई मध्ये बसेल. नाही बसत. ते कर्ज मुलाच्या शिक्षणासाठी दिलेलं नाही, कारखान्याच्या मालावर दिलेलं आहे. मी त्यांच्या पुस्तकातलं पान काढून दाखवलं. मार्च 2022 मध्ये मीच नोंद केली होती, मालकाच्या खाजगी खर्चाची करतात तशी. खात्याचं नाव: उचल. मालकानं धंद्यातून घरासाठी काढलेल्या पैशाला आमच्या पुस्तकी मराठीत हाच शब्द आहे. खालच्याच ओळीवर "कामगार उचल", बाकी नऊ लाख काही हजार.

अण्णांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. काही बोलले नाहीत. दुपारी मुलाला मुंबई गाठायची होती, दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्यूटी. ते दोघं उठले तेव्हा बाकावर चौदा जण झाले होते.

रिटर्न त्या दिवशी गेलंच नाही. पोर्टलनं संध्याकाळी मान टाकली, आणि रात्री बाराच्या सुमारास मुदत एका दिवसानं वाढल्याचं जाहीर झालं. 16 तारखेला सकाळी मी चलन काढलं. मुलाचा फोन बंद, तो हवेत होता. म्हणून अण्णांना लावला. मागांच्या खडखडाटात ते ओरडूनच बोलत होते.

"त्याच्याकडं आत्ता नसतील. कारखान्याच्या खात्यातून भर."

"कुठल्या खात्यावर टाकू?"

"उचलीवर टाक," ते म्हणाले. कोणत्या, ते मी विचारायच्या आत फोन ठेवला होता.

दुपारी दोनला विमान उतरल्यावर मुलानं ओटीपी पाठवला.