तुम्ही विचारलंत म्हणून : तुम्हाला गाणी अर्धीच कशी येतात?

हा प्रश्न मला वर्षातून दोनतीनदा तरी येतोच. ऑफिसच्या ट्रिपला बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली की, नाहीतर कुणाच्या हळदीच्या रात्री गच्चीवर बसलो की. मी जुनं गाणं जोरात सुरू करतो, मुखडा झकास होतो, लोक माना डोलवायला लागतात, आणि मग मधेच ऊंऊंऊं करत मी एक कडवं ओलांडतो आणि डायरेक्ट शेवटच्या कडव्यावर जाऊन उतरतो. भाची एकदा म्हणाली, मामा तुमची गाणी म्हणजे उंदरानं कुरतडलेली वही आहे. वर परत, तुम्ही तर रेडिओच्या जमान्यातले, तुम्हाला सगळं पाठ पाहिजे. अगं बाई, रेडिओच्या जमान्यातला आहे म्हणूनच तर अर्धी येतात. आता विचारलंच आहेत तर सांगतो सगळं.

आमचं गाव तासगावजवळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. मला कळायला लागलं तेव्हा, म्हणजे १९७०च्या आसपास, घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, मोठा रेडिओ होता, लाकडी पेटीचा, वर अक्कानं विणलेला रुमाल, माळ्यावर आडवी बांधलेली तांब्याच्या जाळीची एरियल. व्हॉल्व्ह म्हणजे काय हे ट्रान्झिस्टरवाल्यांना सांगून कळत नाही. बटन फिरवलं की लगेच आवाज येत नाही. आधी आतला दिवा लागतो, मग व्हॉल्व्ह तापायला लागतात, मग कोपऱ्यातला हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा दिवा, हळूहळू उघडतो, आणि मग लांबून कुणीतरी चालत यावं तसा आवाज येतो. यात अर्धं-पाऊण मिनिट सहज जायचं. शेजारच्या काकूंकडं चांगलं गाणं लागलंय असं ऐकून आमचा रेडिओ लावायला धावलं तर सुरुवातीचं म्युझिक आणि मुखडा गेलेलाच. अशी माझी कितीतरी गाणी थेट पहिल्या कडव्यापासून सुरू होतात.

शेवट गेला तो लाईटीनं. संध्याकाळी लाईट जायची ती गाणं संपेपर्यंत थांबायची नाही. आणि व्हॉल्व्हच्या रेडिओत लाईट गेल्यावरही एकदोन सेकंद आवाज रेंगाळायचा, खाली खाली जात, ते मला अजून आठवतं. माझ्या डोक्यात काही गाणी तशीच संपतात, शेवटचा शब्द विहिरीत पडल्यासारखा.

मधलं गेलं ते सिलोनमुळं, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओ सिलोन या केंद्रामुळं. आता सिलोन का, तर तोही किस्सा आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त, त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे पोरं बिघडवायचा धंदा वाटायचा, त्यामुळे आकाशवाणीवरनं ती जवळपास गायबच झाली. लोकांनी काय केलं, गाणी सोडली नाहीत, काटा फिरवला. कोलंबोला महायुद्धाच्या वेळचा दणकट ट्रान्समीटर होता, रेडिओ सिलोननं त्याच्यावरनं हिंदी गाणी लावली आणि सगळा देश तिकडं गेला. त्याच वर्षाच्या शेवटी तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली, गाजणाऱ्या हिंदी गाण्यांचे नंबर लावणारा आठवड्याचा कार्यक्रम. मग सरकारला जाग आली आणि ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती, आकाशवाणीची स्वतःची गाण्यांची सेवा, आली. पण तोपर्यंत आप्पांच्या पिढीच्या बोटांना सिलोनची सवय लागली होती, आणि ती आमच्यापर्यंत उतरली. अनाउन्सर म्हणायचे की हा श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचा विदेश विभाग आहे. आम्हाला लहानपणी वाटायचं की आपण विदेशात राहतो. एका अर्थी त्यांच्यासाठी होतोच की.

तर सिलोन शॉर्टवेव्हवर. शॉर्टवेव्हचा सिग्नल सरळ रस्त्यानं येत नाही, वर आकाशात शंभर ते चारशे किलोमीटरवर जो विद्युतभारित थर असतो त्याच्यावर आपटून खाली येतो, आणि तोही एका वाटेनं नाही तर दोनतीन वाटांनी. वाटा जुळल्या तर आवाज चढतो, एकमेकींच्या आड आल्या तर पडतो. म्हणून सिलोनचा आवाज समुद्रासारखा यायचा, भरती ओहोटी, भरती ओहोटी. हे शास्त्र मला पुढं कॉलेजात कळलं, तेव्हा आम्हाला एवढंच माहीत की बुधवारी रात्री आठला गीतमालेचे निवेदक अमीन सायानी "बहनों और भाइयों" म्हणाले की श्वास धरायचा, आणि पायदानाचा, म्हणजे गाणं कितव्या पायरीवर त्याचा, नंबर सांगतानाच नेमकी ओहोटी लागायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेत भांडणं. मी म्हणायचो पाचव्या पायदानावर, पाटलांचा पोरगा म्हणायचा चौथ्या, त्याच्याकडं ट्रान्झिस्टर होता आणि त्यानं तो घेऊन गच्चीवर जाऊन ऐकलेलं, म्हणजे तोच खरा. बिगुल वाजला की सरताज गीत, तेवढं मात्र कुणाचंच चुकायचं नाही.

सकाळी साडेसात ते आठ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी. शेवटचं गाणं ठरलेलं, सैगल. आठला तीन मिनिटं कमी असताना सैगल सुरू झाला की आप्पा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. आम्हाला ते गाणं रडकं वाटायचं पण बोलायची सोय नव्हती. सैगल संपला की आप्पा उठून रेडिओ बंद करणार, मशीन तापतंय म्हणून, त्याला साडेआठपर्यंत विश्रांती, मग दिल्लीहून मराठी बातम्या. आणि दुष्टपणा बघा, आठ वाजताच सिलोनवर "आप ही के गीत" लागायचं, फर्माइशी, सगळी नवी गाणी! म्हणजे आमच्यासाठीचा कार्यक्रम सुरू व्हायच्या मिनिटाला मशीन तापायचं. ती नवी गाणी मी भिंतीतून ऐकली. काकूंचा मुलगा मुंबईला मिलमध्ये, त्यानं ट्रान्झिस्टर आणून दिलेला, चामड्याच्या कव्हरातला, काकू तो चुलीजवळ ठेवून भाकऱ्या करायच्या. मधली भिंत कच्च्या विटांची. भिंतीतून बास येतो, शब्द येत नाहीत. त्या अर्ध्या तासातल्या गाण्यांची चाल मला बिनचूक येते आणि शब्द म्हणाल तर भाकरी थापल्याचा आवाज.

काकूंचे सेल संपत आले की आवाज बारीक व्हायचा, बाई घसा बसल्यासारखी गायला लागायची. मग ते सेल काढून अंगणात उन्हात ठेवायचे, दुपारी परत घातले की थोडा वेळ चालायचे. यामागं शास्त्र काय ते असो, आम्ही सगळेच करायचो.

तुम्ही म्हणाल आकाशवाणी सांगली तर तुमच्या उशाला होती. होतीच की, १९६३ला सुरू झालेलं केंद्र, मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ, खणखणीत, रात्री काटा जरा सरकला तरी तेच. पहाटे त्याच्यावरच घर उठायचं. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या, "इयम् आकाशवाणी", त्या वाचणाऱ्या बलदेवानंद सागरांचं नाव आम्ही पोरं तोंड धुता धुता त्यांच्याच सुरात म्हणायचो, बातमीतलं एक अक्षर कळायचं नाही पण ते नाव पाठ. मग सात पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणेंचा आवाज आला की आईचा दुसरा चहा. आमच्याकडं भिंतीवर घड्याळ होतं पण ते रेडिओवर लावून घेतलेलं असायचं, म्हणजे रेडिओच खरं घड्याळ.

पण आकाशवाणीनं पण गाणी पूर्ण दिली असं नाही बरं का. 'आपली आवड' हा फर्माइशीचा कार्यक्रम लागला की आधी नावांची यादी. अमुक गावचे तमुक, त्यांचे मित्र, मित्रांचा भाऊ, तरुण मंडळाचे सर्व सदस्य... नावं संपेस्तोवर जीव जायचा, आणि कार्यक्रमाची वेळ संपत आली की बिचारं शेवटचं गाणं निम्म्यात हळू करून टाकायचे. काकूंनी एकदा कार्ड टाकलेलं. तीन महिने वाट बघून नाव आलं, ते चुकीचं वाचलं, आणि गाणं शेवटचं असल्यानं एकाच कडव्यावर गेलं. तरी काकूंनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला शिरा वाटला.

आणि हे पण ऐका, जे गाणं रेडिओवर पूर्ण लागलं तेही कधीकधी पूर्ण नसायचंच. जुनी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी, तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, सिनेमात गाणं मोठं असलं तर रेकॉर्डवर कडवं कापून घ्यायचे. जत्रेत तंबूत सिनेमा बघताना ओळखीचं गाणं लागलं, मी बरोबर म्हणतोय, आणि एकदम मधे एक अनोळखी कडवं! मला वाटलं तंबूवाल्यानं घुसडलं. आजही यूट्यूबवर ते कडवं आलं की मला पाहुणा न सांगता आल्यासारखं वाटतं. पुढं ढकलतो. ढकलता येतं हीच काय ती सोय.

बरं, या सगळ्याच्या वर आप्पा. रेडिओला तेव्हा लायसन्स लागायचं. वर्षाचे १५ रुपये, पोस्टात जाऊन भरायचे, लायसन्सच्या पुस्तकात नोंद करून आणायची (हे ऐंशीच्या दशकात बंद झालं). आप्पांचं मत असं की १५ रुपये आपण बातम्या, शेतीची भाषणं आणि शास्त्रीय संगीतासाठी भरतो, बाकीची गाणी म्हणजे भाजीवर मिळालेली फुकट कोथिंबीर. त्यामुळे बातम्यांची वेळ झाली की गाणं कुठंही असो, काटा सरकला. क्रिकेटचं पण तेच, बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री रंगात आलेली आणि इकडं आप्पांचा हात बटनावर.

आता जी खरी गंमत सांगायची ती एका लावणीची. कुठली ते सांगत नाही, तुम्ही लगेच शोधाल. सिनेमातली, तेव्हा फार गाजलेली, सारखी लागायची. मुखडा ठीक, पहिलं कडवं ठीक, दुसरं कडवं मास्तरांच्या घरात चालण्यासारखं नव्हतं. बंद करावा तर परत तापायला वेळ, आणि पुढं बातम्या, त्या चुकतील. म्हणून आप्पा काय करायचे, पहिलं कडवं संपत आलं की पेपर वाचता वाचताच हात लांब करायचे आणि आवाज पूर्ण खाली. खोलीत शांतता. आम्ही तिघं भावंडं अभ्यासाच्या वहीत तोंड घालून. हिरवा डोळा तेवढा लुकलुकतोय, म्हणजे बाई आत गातेय आणि आपल्याला ऐकू येत नाही. मग बरोब्बर, अगदी बरोब्बर तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दाला आप्पा आवाज परत वर करायचे. एकदासुद्धा एक ओळ इकडंतिकडं झाली नाही. घड्याळाकडं बघायचे नाहीत, पेपरातनं मान वर करायचे नाहीत.

हे आम्हाला तेव्हा खटकलं नाही. आप्पांना सगळंच येतं असं आम्ही धरून चाललेलो.

मागच्या हिवाळ्यात त्याच भाचीच्या लग्नात, हळदीच्या रात्री, पोरांनी आग्रह केला म्हणून मी ती लावणी सुरू केली. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नातवंडं झालीत तिला, ती पण म्हणायला लागली. पहिलं कडवं झालं आणि आम्ही दोघंही एकदम गप्प. ठरवलेलं नाही काही. दोघं नुसते हातानं ठेका धरून बसलो, मोजून तेवढा वेळ, आणि तिसऱ्या कडव्याला एकदम परत सुरू झालो. पोरं हसून लोळायला लागली. भाची म्हणाली, अगं आई तू पण? मग सांगितलं सगळं, आप्पांचा हात, हिरवा डोळा, आणि सांगता सांगता माझ्या डोक्यात ते आलं, आणि मी अक्काला म्हटलं, अक्का, पण आप्पांना कळायचं कसं गं, दुसरं कडवं कधी संपलं ते?

अक्का माझ्याकडं बघायला लागली.

आई खुर्चीत बसलेली, शालीत गुंडाळून. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, कानानं कमी ऐकते, आम्हाला वाटलं झोपलीय. तिनं डोळे न उघडताच ते दुसरं कडवं म्हटलं. सगळं. हरकतीसकट. पोरांच्या टाळ्या, अक्का तोंडाला पदर लावून बसलेली.

म्हटलं आई, हे तुला कुठनं येतं? आवाज तर खाली असायचा ना?

"रेडिओवर कुठलं," आई म्हणाली, "हे म्हणायचे की न्हाणीत. तुम्ही शाळेत गेल्यावर."