निसटायचं, पण ऑफ धरून

चतुर्थी जवळ आली की कोकणात अंग काढून घेण्याची कला भरात येते. गणपतीवरची माटवी बांधायची, नारळ सोलायचे, वाडीतल्या घराघरांतल्या आरत्या करायच्या, त्यावर रात्रीची भजनं. प्रत्येकाला कशातून तरी सुटायचं असतं. रजेचं जमलं नाही तर मुंबईचा चाकरमानी फोनवर सांगतो, 'आय काण्ट गेट आऊट ऑफ द मीटिंग.' वाक्य बिनचूक आहे. अंगावर आलेलं काम किंवा जबाबदारी टाळायची म्हणजे गेट आऊट ऑफ.

गडबड होते ती शेपटाशी. 'गेट आऊट फ्रॉम द मीटिंग' हे मराठीतल्या 'मीटिंगमधून'वरून सुचतं, पण इंग्रजी कानाला खटकतं. ऑफ गाळून नुसतं 'गेट आऊट' म्हटलं तर तो समोरच्याला 'चालता हो' असा हुकूम होतो. साहेबांशी बोलताना एवढं तरी सांभाळावं.

ऑफनंतर क्रियापद आलं तर त्याला इंग लागतं. 'ही गॉट आऊट ऑफ हस्किंग द कोकोनट्स', म्हणजे नारळ सोलण्यातून पठ्ठ्या सुटला. आपल्या डोक्यात 'सोलायला नको' असतं, म्हणून तोंडातून 'टू हस्क' निघतं. त्याऐवजी मनात आधी 'सोलण्यातून' म्हणावं. 'ण्यातून' आलं की इंग आपोआप येतं.

कर्म कुठे बसतं, हे किनाऱ्यावर चांगलं दिसतं. दापोलीजवळच्या कर्द्याला ओहोटीच्या वेळी पाहुणे गाडी पुळणीवर घालतात. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिथे चाक धावतं. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र ते रुततं. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरत खड्डा करतं आणि गाडी पोटावर बसते. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास असतात, त्यामुळे फार रेंगाळायची सोय नसते. अशा वेळी सगळ्यांना खाली उतरवावं. टायरमधली हवा तीस-बत्तीस पीएसआयवरून अठराच्या आसपास आणावी, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर जास्त जागा धरतो. चाकांपुढची वाळू हाताने उकरून तिथे झावळ्या सरकवाव्यात आणि पहिल्या गिअरमध्ये, चाक गरगरू न देता, हळू पुढे यावं. डांबरी रस्त्याला लागल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नये.

आता व्याकरण. 'गेट आऊट ऑफ द कार' म्हणजे गाडीतून उतरा. 'गेट द कार आऊट ऑफ द सँड' म्हणजे गाडी वाळूतून काढा. ज्याला बाहेर काढायचं, तो गेट आणि आऊट यांच्या मध्ये बसतो. पुळणीवर दोन्ही वाक्यं लागतात, आणि याच क्रमाने.

सुटका कधी झाली, यावरही शब्द ठरतो. कामाला हो म्हणून ऐनवेळी माघार घेतली तर बॅक आऊट ऑफ. नाना सबबी सांगून, हातात धरलेल्या वाम माशासारखं वळवळत निसटलं तर रिगल आऊट ऑफ. यात थोडा टोमणा आहे, स्वतःबद्दल जपूनच वापरावा. आणि करायचं ते करून झालं, पण शिक्षा चुकली, तर गेट अवे विथ. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या काळात कुणी होडी दर्यात घातली आणि पकडला गेला नाही, तर 'ही गॉट अवे विथ इट'. इथे गेट आऊट ऑफ चालणार नाही, कारण टाळायचं काही उरलेलंच नाही, कृत्य होऊन गेलंय.

भूतकाळी गॉट. अमेरिकन माणूस 'हॅव गॉटन' म्हणतो, ब्रिटिश 'हॅव गॉट'. कुठलंही एक धरावं.

शेवटची अडचण जरा फसवी आहे. 'व्हॉट डिड यू गेट आऊट ऑफ द मीटिंग?' असं साहेबांनी विचारलं तर दचकायचं कारण नाही. मीटिंगमधून तुझ्या पदरात काय पडलं, एवढंच ते विचारतायत. 'चतुर्थीला घरी काम होतं सर' हे त्याचं उत्तर नव्हे.